टोकन देण्याआधी: महाराष्ट्रात जुना फ्लॅट घेताना आणि विकताना

फ्लॅट आवडला असं तुमच्या चेहऱ्यावर दिसलं की एजंट हळूच विचारतो, "मग टोकन कधी देताय? उद्या अजून एक पार्टी येणार आहे." माझ्या पहिल्या घराच्या वेळी मी या वाक्याला फसलो. रविवारी संध्याकाळी फ्लॅट पाहिला, बाल्कनीतून झाडं दिसत होती, घरच्यांना आवडला, आणि तिथेच एक लाखाचा चेक फाडला. विक्रेत्याने वहीच्या कागदावर 'टोकन मिळाले' एवढंच लिहून दिलं. तीन आठवड्यांनी बँकेने कळवलं की इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) नाही, कर्ज मिळणार नाही. पैसे परत कधी आणि कसे मिळणार, याबद्दल त्या कागदावर एक शब्दही नव्हता. ते पैसे पाच महिन्यांनी, तीन तुकड्यांत परत आले. विक्रेता वाईट माणूस नव्हता. त्याने ते पैसे आपल्या पुढच्या घराच्या टोकनात घातले होते.

तेव्हापासून नातेवाईक, मित्र, ऑफिसातले सहकारी असे बरेच जण घर घेताना मला सोबत नेतात. सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगतो: पैसा कागदाच्या मागून चालला पाहिजे. आधी कागद हातात, तो तपासून झाला, की त्या टप्प्याचे पैसे. ज्या क्षणी पैसा कागदाच्या पुढे जातो, त्या क्षणापासून तुम्ही समोरच्याच्या चांगुलपणावर अवलंबून असता.

हा लेख मुख्यतः सोसायटीतल्या जुन्या, म्हणजे रीसेल फ्लॅटबद्दल आहे. बहुतेकांचं पहिलं घर तेच असतं आणि त्यातच सगळ्यात जास्त गोष्टी आपल्या आपण तपासाव्या लागतात.

आधी स्वतःच्या खिशाचा हिशोब

"बँक ८० टक्के देते" हे अर्धवट सत्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. शिवाय बँक आपला मूल्यांकनकार पाठवते आणि करारातली किंमत व त्याने काढलेली किंमत यातली जी कमी, तिच्यावर टक्के मोजते.

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेताय असं धरू. ८० टक्क्यांनी कर्ज ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क: पुणे महापालिका हद्दीत अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. (मुंबईत ते ६ टक्के पडतं. खरेदीदार फक्त महिला असेल तर राज्यभर १ टक्क्याची सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही.) नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. एजंटची दलाली १ टक्का धरली तरी ६० हजार. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं ट्रान्सफर, सामान हलवणं, आणि रंग-प्लंबिंग. म्हणजे १२ लाखांच्या जागी १८ ते २० लाख रोख जमवलेले हवेत. हा हिशोब घर पाहायला निघण्याआधी करा, कारण घर आवडल्यानंतर माणूस आकडे आपल्या मनासारखे वळवतो.

हप्त्याचंही तसंच. ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण ४१,६५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३४,००० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ७,६५६ ने उतरतं. दर तोच राहिला तर २० वर्षांत जवळजवळ एक कोटी भरलेले असतात. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या पाच-सात वर्षांत बोनस, दिवाळीची रक्कम, मोडलेली एफडी जे जमेल ते मुद्दलात घाला. तेव्हा भरलेला एक रुपया शेवटच्या वर्षांत भरलेल्या रुपयापेक्षा कितीतरी जास्त व्याज वाचवतो.

कर्जासाठी बँकेकडून आधीच मंजुरीपत्र घेऊन ठेवा. त्याने घर पक्कं होत नाही, पण तुमच्या पगारावर किती मिळणार ते कळतं आणि विक्रेताही तुम्हाला गांभीर्याने घेतो.

घर बघायला कसं जायचं

मी खिशात पाच मीटरची टेप ठेवतो. संकोच करू नका, लाखो रुपयांची वस्तू मोजून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. 'सहाशे पन्नासचा फ्लॅट' हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न: कसले सहाशे पन्नास? कार्पेट (आतली वापरायची जागा), बिल्ट-अप (भिंतींसकट) की सुपर बिल्ट-अप? सुपर बिल्ट-अपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा घुसवलेला असतो आणि तो किती धरायचा याला नियम नाही. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातली कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडायची. जुन्या करारनाम्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा. मग खोल्या मोजा, बेरीज करा आणि त्या आकड्याने किंमत भागा. दोन घरांची तुलना करायची तर याच दराने करावी.

एकच घर तीन वेळा बघा. एकदा सकाळी सातला, पाणी असताना: सगळे नळ एकदम सोडा आणि बाथरूममधलं पाणी किती वेळात निचरतं ते पाहा. एकदा रात्री नऊनंतर: गाड्या कुठे लागतात, खालच्या रस्त्याचा आवाज किती येतो. आणि शक्य असेल तर एकदा पावसाळ्यात, कारण जुलैत भिंत खोटं बोलत नाही. जानेवारीत नवा रंग मारलेलं घर बघत असाल तर हाताचा पंजा भिंतीवर सपाट ठेवा, विशेषतः खिडकीच्या खाली आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीवर. ओलीची भिंत शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते. नाण्याने प्लॅस्टरवर टकटक करा, पोकळ आवाज आला तर तिथे प्लॅस्टर सुटलंय.

एकदा मी खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं. "वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?" त्यांनी हसत आत घेतलं. छताला पत्र्याचा ट्रे लटकवला होता आणि त्यातून बादलीत नळी सोडलेली. दोन वर्षं वरच्यांशी त्याच गळतीवरून भांडण चालू होतं. तो फ्लॅट आम्ही शेवटी घेतला, पण वॉटरप्रूफिंगचा पूर्ण खर्च किमतीतून कापून.

गच्चीवर जा. पाण्याच्या टाक्या, छताच्या भेगा, बीमवरचं प्लॅस्टर आणि बाहेर डोकावणारी गंजलेली सळई बघा. खाली येताना सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा: थकबाकीदारांची यादी, टँकरचा खर्च, दुरुस्तीची वर्गणी, लिफ्टबद्दलची भांडणं, सगळं तिथे लावलेलं असतं. वॉचमनला विचारा, टँकर आठवड्याला किती येतात.

पार्किंगबद्दल थोडं जास्त. "पार्किंग सोबत आहे" यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधल्या) किंवा मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ते सोसायटीचं असतं आणि वाटप सोसायटी करते. म्हणून विक्रेत्याकडून वाटपाचं पत्र मागा आणि तुमच्या नावे ट्रान्सफर झाल्यावर ते तुम्हाला मिळेल का, हे सेक्रेटरींना विचारा. शक्य तर लेखी घ्या.

कागद

इथे घाई नको. विक्रेत्याला सांगा, "काका, घर आवडलं, पण टोकनआधी कागदांच्या झेरॉक्स द्या." जो विक्रेता कागद दाखवायला कुरकुरतो त्याच्याशी पुढे बोलू नका, किंमत कितीही चांगली असली तरी.

पहिली गोष्ट साखळी. बिल्डरने पहिल्याला विकलं, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने आत्ताच्या मालकाला. या प्रत्येक व्यवहाराचा नोंदणीकृत करारनामा हवा, नोंदणीच्या पावतीसकट, आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो नोंदणीचा सरकारी गोषवारा. मधला एक करार जरी गायब असला तरी बँक अडते. जुन्या काळी काहींनी कराराची नोंदणीच केली नाही, काहींनी मुद्रांक कमी भरला, आणि ती चूक आता तुमच्या माथी येते.

साखळीत कुठे 'कुलमुखत्यारपत्रावर विकलं', म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीवर विकलं, असं दिसलं तर तिथेच थांबा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. परदेशी असलेल्या मालकाच्या वतीने भाऊ सही करतोय, हे वेगळं. तिथे मुखत्यारपत्र आहे, ते अजून लागू आहे आणि मालक जिवंत आहे, याची खात्री करा. मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला.

दुसरी गोष्ट, सगळ्यात जास्त घोळ होणारी: मालक वारलेला असणं. विक्रेता म्हणतो, "बाबांनी नॉमिनेशन माझ्या नावे केलंय, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे." नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीच्या नावे सभासदत्व करते, शेअर सर्टिफिकेट हा त्याचाच दाखला, पण मालकी वारसांकडे जाते. २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीला नॉमिनीचं नाव लावायला सांगतानाच वारसांचा दावा खुला ठेवला. म्हणून सगळे वारस कोण ते आधी ठरवा: आई, बहिणी (लग्न झालेल्याही), वारलेल्या भावाची बायको-मुलं. त्यांनी एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायला हवं, नाहीतर सगळ्यांनी मिळून तुमच्या करारावर सही करायला हवी. "बहीण काही म्हणणार नाही" हे वाक्य मी दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा बहिणीला विचारलंच नव्हतं.

मग इमारतीचे कागद. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बँका कचरतात, आणि पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा तुमचा खरेदीदारही कचरेल. सोसायटीची नोंदणी झाली आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स झालं आहे का, तेही विचारा. बिल्डरने करून दिलं नसेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग आहे. जुन्या इमारतीत हे फार महत्त्वाचं, कारण उद्या पुनर्विकास ठरला तर जमिनीवर हक्क कोणाचा, यावर सगळं अवलंबून असतं. मालमत्तापत्रक किंवा सातबारा उघडला की ते कळतं.

राहिलं काय? शेअर सर्टिफिकेट (मागच्या बाजूला सध्याच्या मालकाचं नाव चढलंय ना?), मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र.

विक्रेत्याचं कर्ज चालू आहे का, हे त्याला सरळ विचारा. बहुतेक जण प्रामाणिकपणे सांगतात. पण तपासाही: गहाणाची नोंद सरसाई (CERSAI) या गहाणांच्या केंद्रीय रजिस्टरमध्ये असते, थोडी फी भरून कोणालाही शोधता येते. महाराष्ट्रात बँकेकडून घेतलेल्या कर्जाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दुय्यम निबंधकाकडेही, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेही, दाखल होते. कर्ज असणं ही अडचण नाही. तसं असेल तर तुमची बँक थेट विक्रेत्याच्या बँकेला पैसे देते आणि मूळ कागद तिथून आपल्याकडे घेते. लपवलेलं कर्ज मात्र धोक्याचं.

वकील स्वतःचा लावा, एजंटने सुचवलेला नको. त्याला शीर्षक शोध (टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) करायला सांगा, जुन्या घराला ३० वर्षांचा. सोबत दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या: 'अमुक फ्लॅट आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे.' काही हजारांचा हा खर्च टाळू नका. दुरावलेला चुलतभाऊ आणि हातउसने पैसे दिलेला सावकार याच नोटिशीने पुढे येतात.

किंमत ठरवताना

वेबसाइटवरचे भाव हे मागितलेले भाव असतात. प्रत्यक्षात कितीला गेलं हे बघायचं तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा. गाव किंवा विभाग, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर (शहरातला भूमापन क्रमांक) टाकला की त्या मिळकतीवरच्या नोंदणी झालेल्या करारांची सूची दिसते. त्याच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले तीन-चार करार मिळाले की बोलणी करायला पाया मिळतो.

शासनाचा रेडी रेकनर दरही, म्हणजे त्या भागासाठी शासनाने ठरवलेला दर, पाहा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेडी रेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या फरकावर दोघांनाही आयकराचा प्रश्न येतो.

आणि 'थोडे कॅशमध्ये द्या' याला नाही म्हणा. कायद्याने मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. पण तुमच्या दृष्टीने त्याहून मोठं नुकसान असं की रोख दिलेल्या पैशावर कर्ज मिळत नाही, व्यवहार फिसकटला तर तो परत मागता येत नाही, आणि पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसते, म्हणजे कर जास्त.

आता टोकन

कागद वकिलाने बघितले, बँकेने घराच्या कागदांवर तोंडी तरी होकार दिला, मग टोकन. ते कमी ठेवा. चेकने किंवा बँक ट्रान्सफरने, आणि मालकाच्या नावावरच. एजंटच्या खात्यावर कधीच नाही.

टोकनसोबत छोटा समजुतीचा करारनामा करा. त्यात हे असू द्या: एकूण किंमत, पैसे कोणत्या टप्प्याला किती, करार नोंदवायची तारीख, ताबा कधी, फर्निचर, एसी, गिझर यांतलं काय सोबत राहणार, आणि हे दोन, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. एक, घराच्या कागदांतल्या त्रुटीमुळे कर्ज नाकारलं गेलं किंवा शीर्षक स्वच्छ निघालं नाही तर टोकन अमुक दिवसांत पूर्ण परत. दोन, तोपर्यंत विक्रेता दुसऱ्याशी व्यवहार करणार नाही. मी पहिल्या वेळी लिहून घ्यायला हवी होती ती पहिली अट. आज मी ती सांगितली की एजंट म्हणतात, "असं कोणी लिहीत नाही." लिहितात. विक्रेत्याला समजावून सांगितलं तर दहातले आठ जण सही करतात.

नोंदणीचा दिवस

करारनामा वकील तयार करतो. मुद्रांक आणि फी ऑनलाइन भरून ई-चलन निघतं, दस्ताची माहिती आधीच संगणकावर भरली जाते. तुम्ही मसुदा घरी शांतपणे वाचायचा. नावांची स्पेलिंग पॅन आणि आधारप्रमाणे, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्र, सर्व्हे नंबर, पार्किंगचा उल्लेख. एक चूक राहिली तर नंतर चूकदुरुस्ती पत्र करावं लागतं, आणि त्यासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं.

दुय्यम निबंधक कार्यालयात मूळ आधार, मूळ पॅन घेऊन वेळेआधी जा. दोन साक्षीदार लागतात, ते तुमच्या ओळखीचे असू द्या. नंबर लागला की आत बोलावतात, छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात. वयस्कर माणसांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. माझ्या आत्याचे चार वेळा पुसून घ्यावे लागले, शेवटी ओल्या रुमालाने बोट पुसून कोरडं केलं तेव्हा मशीनने घेतलं. मग अधिकारी दोघांना विचारतात, करार मान्य आहे का, पैसे मिळाले का. इथे विक्रेत्याने "हो" म्हणण्याआधी त्या दिवसाचे पैसे त्याच्या खात्यात जाताना दोघांनी पाहिलेले असावेत. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी व्हायला हवी, पण सही आणि नोंदणी त्याच दिवशी करणं सगळ्यात बरं.

किंमत किंवा मुद्रांकमूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावचा आयकर, त्याला द्यायच्या पैशातून कापून भरायचा असतो. हे नवख्यांना हमखास माहीत नसतं आणि वर्षभराने नोटीस येते. प्रत्येक वेळी पैसे देताना कापायचा आणि तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. बँक कर्जाची रक्कम पूर्ण देते, त्यामुळे टीडीएसची रक्कम तुमच्या स्वतःच्या वाट्यातून बाजूला ठेवा. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, आधी तपासा. नसेल तर १ च्या जागी २० टक्के कापावे लागतात. आणि विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही, कपात बरीच जास्त असते. अशा वेळी सीएकडे गेल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

नंतरची कामं लगेच उरका, आठवड्यातच. सोसायटीत ट्रान्सफरचा अर्ज: महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्याशिवाय ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००. 'देणगी' मागितली तर नम्रपणे पावतीवर कारण लिहून मागा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, विक्रीसाठी सोसायटीच्या ना-हरकतीची अट नाही. बँक मागते म्हणून ते घ्यावं लागतं, एवढंच. मग शेअर सर्टिफिकेटवर नाव, मालमत्ता कराला नाव, वीज मीटरला नाव.

बांधकाम चालू असलेलं घर

थोडक्यात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, त्यावरचा खटला, गहाण आणि वाढवलेल्या तारखा वाचा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, त्याला ते घेताही येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. भोगवटा प्रमाणपत्राआधी घेतलं तर साधारण ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १), नंतर घेतलं तर जीएसटी नाही. किमतीची तुलना करताना हा फरक धरा. आणि स्वतःचं भाडं आणि हप्ता दोन्ही दोन-तीन वर्षं एकत्र झेपेल का, हा प्रश्न सगळ्यात आधी.

गुंतवणूक म्हणून?

मी कोणाला अडवत नाही, पण हिशोब कागदावर करायला लावतो. ८० लाखांचा फ्लॅट, भाडं २० हजार. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे ३ टक्के. आता वजा करा: मेंटेनन्स ४२ हजार, मालमत्ता कर १२ हजार, एक महिना रिकामा २० हजार, नळ-रंगकाम १० हजार. उरले १ लाख ५६ हजार, दोन टक्क्यांपेक्षाही थोडे कमी, तेही आयकराआधी. त्यात कर्ज साडेआठ टक्क्यांचं असेल तर दर महिन्याला खिशातून भर घालावी लागेल. मग सगळी मदार किंमत वाढण्यावर, आणि ती विकल्याशिवाय हातात येत नाही. स्वतःला राहायचं घर हा वेगळा निर्णय, त्याला फक्त टक्क्यांनी मोजू नका. दुसरं घर मात्र मोजूनच घ्या.

भाड्याने देणारच असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, नोंदवा. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी बंधनकारक आहे आणि ती न करण्याची जबाबदारी घरमालकावर येते. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.

विकताना

वर सांगितलेली कागदांची सगळी यादी उलटी फिरवा. विकायला काढण्याच्या तीन-चार महिने आधी ती फाइल तयार करा. आमचं जुनं घर विकताना बिल्डरच्या मूळ कराराची नोंदणी पावती सापडेना. कपाटं, माळा, बँकेचा लॉकर सगळं पालथं घातलं, शेवटी निबंधकाकडून प्रमाणित प्रत घेतली, तक्रार आणि जाहीर नोटीस केली. त्यात दोन महिने गेले आणि पहिला चांगला खरेदीदार हातचा गेला.

कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून मूळ कागद मागून आणा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. सोबत गहाणाची नोंद काढल्याचा पुरावा घ्या.

कराचं: घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर नफा दीर्घकालीन. त्यावर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाशिवाय, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्तीला जुना, निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशोब करून जो कर कमी तो भरता येतो. नफ्यातून दुसरं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर तेवढी सूट मिळते. ठराविक सरकारी रोख्यांत सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवूनही वाचवता येतो, रोखे पाच वर्षं अडकतात. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत नवं घर मिळालं नाही तर पैसे कॅपिटल गेन खात्यात ठेवा, बचत खात्यात पडून राहिले तर सूट जाते. या तारखा घर विकल्याच्या दिवसापासूनच कॅलेंडरवर लिहा.

ताबा देण्याचा दिवसही कागदावरच करा. शेवटचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज पाहा, मग किल्ल्या. वीज मीटर आणि गॅस मीटरच्या आकड्यांचे फोटो दोघांनी काढा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा त्या दिवसापर्यंतचा हिशोब करा, ताबापत्रावर किल्ल्यांची संख्या लिहून दोघांनी सही करा. आणि निघताना माळ्यावर, गॅसच्या ओट्याखाली एकदा हात घालून बघा. आमच्या नोंदणी पावतीची मूळ प्रत अखेर तिथेच, जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत सापडली.